छापील किमतीचे व्याही

जगातली कुठलीही वस्तू माझ्या व्याह्यांच्या हातात गेली की आधी पालथी व्हायची. साबणाची वडी असो, खोकल्याच्या औषधाची बाटली असो, नाहीतर बारशाच्या पेढ्यांचा डबा असो, तिची पुढची बाजू त्यांनी जन्मात कधी बघितली नाही. पुढं बाई हसतेय की वाघ उभा आहे याच्याशी त्यांना काही घेणंदेणं नव्हतं. मागं किंवा बुडाशी मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात किंमत कुठं छापली आहे ते शोधायचं, खिशातून भिंग काढायचं, ओठ हलवत वाचायचं, आणि मग दुकानदाराकडं असं बघायचं की त्या बापड्याला लहानपणापासूनची सगळी पापं आठवावीत. नांदेडपासून लातूरपर्यंत त्यांना येताना बघून ज्यानं शटर निम्मं खाली ओढलं नाही, असा दुकानदार मला तरी माहीत नाही. मी स्वतः दुकानदार आहे आणि मीही ओढलं आहे.

व्याही म्हणजे माझ्या लेकीचे सासरे. आमच्याकडं ईवाई म्हणतात. राहायला नांदेडला, पण राहायला म्हणायचं एवढंच. जन्मभर एसटीत कंडक्टर होते. बिलोली, किनवट, इस्लापूर, लातूर, या सगळ्या रस्त्यांचे खड्डे त्यांच्या गुडघ्यांना पाठ होते. पस्तीस वर्षं चालत्या गाडीत उभा राहिलेला माणूस घरात आल्यावर तरी कसा बसणार? जेवताना एक गुडघा वर ठेवायचे, कुणी हाक मारली तर उठायला सोपं जावं म्हणून. बोलता बोलता फेऱ्या मारायचे, त्यामुळं त्यांच्या अर्ध्या गोष्टी स्वयंपाकघरातल्या बाईला कळायच्या आणि अर्ध्या ओसरीवरच्या पाहुण्याला. लेकीनं सासरहून पहिल्या पत्रात लिहिलं होतं, 'आई, मामंजी घरात कुठं असतात ते सांगता येत नाही. बघावं तेव्हा ते तिथून निघालेले असतात.'

या नोकरीनंच त्यांना छापील किमतीचं वेड लावलं, असं माझं मत आहे. तिकिटावर छापलंय तेवढंच घ्यायचं. कमी घेतलं तरी मेमो, जास्त घेतलं तरी मेमो. हे त्यांच्या डोक्यात इतकं पक्कं बसलं होतं की साबण आणि तिकीट यांत त्यांना फरकच दिसत नसे. दुकानदारानं आठ आणे जास्त मागितले की ते भांडायचे, हे मी समजू शकते. पण आठ आणे कमी घेतले तरी भांडायचे. एकदा नांदेडच्या औषधाच्या दुकानदारानं जुनं गिऱ्हाईक म्हणून चार रुपये सोडले, तर हे घरापासून परत चालत गेले आणि चार रुपये काउंटरवर आपटून म्हणाले, "मी काय तुमच्या दारात भीक मागून राहिलोय का? छापलंय तेवढं घ्या." भाजीबाजारात मात्र त्यांची पार गाळण उडायची. वांग्यावर काहीच छापलेलं नसतं. वांगं हातात घ्यायचे, पालथं करायचे, देठाकडं बघायचे आणि हताश होऊन परत ठेवायचे. शेवटी भाजी आणायचं काम त्यांच्या बायकोनं, म्हणजे आमच्या विहीणबाईंनी, स्वतःकडं घेतलं.

आणखी एक नियम होता, तो त्यांनी स्वतःच केलेला. घरचं माणूस गाडीत चढलं की पहिलं तिकीट त्याचं फाडायचं, तेही सगळ्या गाडीला ऐकू जाईल असं. म्हणजे कंडक्टरची माणसं फुकट चाललीत असं म्हणायला कुणाला तोंड राहू नये. लग्नानंतर माझी लेक पहिल्या पंचमीला माहेरी निघाली ती त्यांच्याच गाडीनं. गाडी सुटायच्या आत हे दारात उभे राहून ओरडले, "आमच्या सूनबाईंचं एक, लातूर!" आणि स्वतःच्या खिशातले पैसे काढून थैलीत टाकले. नव्या नवरीनं तोंडावर पदर ओढला तो पार लातूरजवळच्या नळेगावपर्यंत मागं केला नाही.

त्या लग्नाचंच सांगते. रुखवत मांडलं होतं. बायका कौतुक करत होत्या आणि हे एकेक वस्तू पालथी करत होते. साबणाच्या डब्याशी थांबले, भिंग काढलं, आणि माझ्या भावाला विचारलं, "हे कितीला घेतलं?" भावाचा चेहरा लाल झाला. आम्ही किती खर्च केला हे नवरदेवाचा बाप मांडवात मोजतोय, असंच कुणालाही वाटेल. भाऊ म्हणाला, "आमची ऐपत बघून राहिलात का?" हे म्हणाले, "ऐपत न्हाई हो, किंमत! कर वेगळा लिहिलाय खरा, पण एवढा कर कुठं असतो? तुम्हाला लुबाडलंय." भाऊ बाही सारत होता तो गप झाला. दुसऱ्या दिवशी सोयरेधायरे वरातीच्या गडबडीत असताना नवरदेवाचा बाप माझ्या भावाला घेऊन औशाच्या त्या दुकानात गेला आणि पाऊण रुपया परत आणला. रुमालाच्या गाठीत बांधून माझ्या हातात दिला. म्हणाले, "विहीणबाई, हे तुमचं." सगळ्या लग्नात मला परत मिळालेलं तेवढंच.

त्यानंतर काही वर्षांनी भूकंप झाला. आमचं घर पडलं आणि घरधनी गेले. ते सांगायला मी बसले नाही. ज्यांनी बघितलं त्यांना सांगायची गरज नाही आणि ज्यांनी बघितलं नाही त्यांना सांगून कळत नाही. तिसऱ्या दिवशी व्याही आले. रस्ता गाड्यांनी भरला होता म्हणून शेवटचे दोन कोस चालत आले, विहीणबाईंनी दिलेल्या भाकरीचं फडकं पोटाशी धरून. संध्याकाळ होत होती, पाऊस भुरभुरत होता. तेवढ्यात एक टेम्पो आला. मेणबत्त्या, काडेपेट्या, बिस्किटं. सगळ्याला दुप्पट. आम्ही रांग धरली. पैशाचं कुणाला काही वाटत नव्हतं. माझ्याही हातात नोट होती. व्याह्यांनी मेणबत्तीचा पुडा उचलला आणि पालथा केला.

"पाच छापलंय. दहा कशाचे?"

"काका, रस्ता बघितला का कसा हाय?"

"हा रस्ता मी तुझ्या जन्माआधीपासून बघून राहिलोय. पाचच घ्यायचे."

"परवडत न्हाई. घ्यायचं तर घ्या, न्हाईतर मी चाललो पुढच्या गावाला."

मी म्हटलं, "ईवाई, माणसं मेलीत इथं. तुम्ही पाच रुपयांचं काय धरून बसलात?" ते म्हणाले, "माणसं मेलीत म्हणूनच धरलंय." टेम्पोवाल्यानं फळी वर केली आणि खरंच गेला. रांग तशीच उभी राहिली. मी त्यांना म्हणाले, "तुमचं खरं झालं. आता ह्या लेकरांना अंधारात तुम्हीच सांभाळा." ते एका दगडावर बसले. त्यांना नीट दोन्ही पाय खाली सोडून बसलेलं मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं. थोड्या वेळानं बघते तर दगड रिकामा. दुसऱ्या दिवशी दुपारी पाठीवर पोतं घेऊन परत आले. औशापर्यंत चालत गेले होते. पोत्यात मेणबत्त्या. एव्हाना बाहेरून मदतीचे ट्रकही आले होते, पण ह्यांचं वाटप वेगळं. प्रत्येकासमोर पुडा पालथा करायचे, "पाच रुपये छापलंय बघा," असं वाचून दाखवायचे आणि मग फुकट द्यायचे. एका म्हातारीनं कंटाळून विचारलं, "फुकट हाय तर किंमत कशाला सांगतुस रं बाबा?" म्हणाले, "उद्या कुणी दहा मागितले तर म्हाइती पाहिजे."

पुढं मी लातूरला आले. गावात माझं उरलं नव्हतं काही. क्लासच्या गल्लीत एक गाळा भाड्यानं घेतला, पुढं दुकान आणि मागं खोली. तेव्हा लातूरला शिकायला सगळीकडून पोरं येऊ लागली होती. एका खोलीत चार-चार, सायकलींच्या रांगा, आणि सगळ्यांना कायम तहान लागलेली. वह्या, बिस्किटं, पाण्याच्या बाटल्या आणि थंडा यांवर माझं दुकान चालायचं. नातही डॉक्टर व्हायचं म्हणून नांदेडहून माझ्याकडं शिकायला आली. आणि नातीला भेटायचं म्हणून निवृत्त झालेले व्याही दर शनिवारी सकाळच्या गाडीनं हजर व्हायला लागले.

नातीला भेटणं पाच मिनिटांत व्हायचं. उरलेला दिवस ते माझ्या काउंटरपाशी उभे. गर्दी झाली की "पुढं सरका, पुढं सरका" म्हणायचे, आणि पोरांना खरंच सरकायची सवय लागली. तिथवर ठीक होतं. पण थंड्याच्या बाटलीवर आमची सगळी गल्ली एक रुपया जास्त घ्यायची, थंड करून देण्याचा. मीही घ्यायचे. वीज सहा-सहा तास नसायची, बर्फाची लादी आणून टाकावी लागायची. हे प्रत्येक पोराला सांगायचे, "उलटी करून बघ. काय छापलंय? तेवढेच दे."

"ईवाई, फ्रीज काय तुमच्या भिंगावर चालतो का?"

"मग गरम विका."

"गरम थंडा कोण पिणार?"

"ते मला न्हाई म्हाईत. छापलंय तेवढेच घ्यायचे."

माझ्याकडं पोरांना सांगून भागेना तेव्हा समोरच्या ज्यूसवाल्याकडं जाऊन त्याच्या गिऱ्हाइकांना सांगू लागले. मग कोपऱ्यावरच्या बेकरीत. पोरं हुशार, क्लासमध्ये गणितं करून आलेली. महिन्याभरात सगळ्या गल्लीत बाटल्या उलट्या व्हायला लागल्या. एका संध्याकाळी गाळ्याचे मालक आले. चहाही घेतला नाही. म्हणाले, "मावशी, गल्लीतली समदी माझ्याकडं येऊन गेली. तुमचा सोयरा पोरांना भडकावून राहिलाय. महिनाअखेरपर्यंत त्याला आवरा, न्हाईतर गाळा खाली करा. दुसरा उभाच हाय जास्त भाडं द्यायला."

माझ्याकडं त्या गाळ्याशिवाय दुसरं काही नव्हतं. नातीची परीक्षा चार महिन्यांवर होती. तिला आणि तिच्या पुस्तकांना घेऊन मी कुठं जाणार होते? पुढच्या शनिवारी ते गाडीतून उतरून आले तेव्हा मी त्यांना आत घेतलंच नाही. दारातच सांगितलं, "ईवाई, तुमच्यामुळं माझा गाळा जाऊन राहिलाय. तुम्ही येत जाऊ नका. पोरीला भेटायचं तर क्लासच्या दारात भेटा. माझ्या दुकानापुढं उभं राहायचं न्हाई."

ते म्हणाले, "तुम्ही एक रुपया सोडून द्या ना."

"सोडला तर गल्ली म्हणणार, हिनंच पढवलंय सोयऱ्याला. उद्या जाणारा गाळा आजच जाईल."

"म्हणजे गल्लीला वाटतं मी तुमच्या बाजूनं हाय."

"मग काय वाटणार? दर शनिवारी माझ्या दारात तर उभे राहता."

त्यांनी मान हलवली. पिशवीतून विहीणबाईंनी दिलेला चटणीचा डबा काढून काउंटरवर ठेवला आणि निघून गेले. पुढचे तीन शनिवार आले नाहीत. लेकीचा फोन आला, "आई, काय बोललीस तू? मामंजी घरात नुसत्या फेऱ्या मारून राहिलेत. काल दिवसभर कायतरी लिहून काढलं, कुणाला दाखवलं बी न्हाई." मी म्हटलं, "लिहू दे." मला वाटलं, मला चार शब्द सुनावणारं पत्र असेल.

पत्रच होतं, पण माझ्या पत्त्यावर नव्हतं. एका मंगळवारी भर दुपारी वजनमापाचे साहेब गल्लीत आले. आधी साध्या कपड्यातल्या माणसानं सगळ्या दुकानांतून एकेक बाटली घेतली होती. मग जीप आली, आणि जीपशेजारी भिंग हातात घेऊन कोण उभं? आमचे व्याही. सगळी गल्ली माझ्याकडं वळली. ज्यूसवाला म्हणाला, "बघा, म्हटलं न्हवतं का? मावशीनंच आणलं हे." गाळ्याचे मालकही धावत आले. त्यांच्या तोंडाकडं बघूनच मला कळलं की महिनाअखेरपर्यंतही थांबायची गरज नाही.

साहेबांनी कागद उघडला. अक्षर मी लांबून ओळखलं. कंडक्टरचं अक्षर, प्रत्येक आकडा वेगळा उभा. साहेबांनी नावं वाचायला सुरुवात केली आणि पहिलं नाव माझं निघालं. पहिलं, आणि सगळ्यात लांब. बाकीच्यांवर एकेक ओळ होती. माझ्यावर पाऊण पान. थंड्यावर किती, पाण्यावर किती, लस्सीच्या पिशवीवर किती, सगळं तारखेनिशी.

ज्यूसवाल्यानं दोनदा विचारलं, "मावशी, हे तुमचेच सोयरे ना? लेकीचे सासरे?" मी म्हटलं, "हाव." दुसरं काय म्हणणार?

माझ्यावर आणखी एक आरोप होता. हॉस्टेलच्या पोरींना मी वह्या छापील किमतीपेक्षा दोन रुपये कमी घेऊन देते. साहेब ते वाचून थांबले. म्हणाले, "बाबा, हा गुन्हा नाही. छापलेली किंमत जास्तीत जास्त असते. त्याच्यावर घेता येत नाही. खाली कितीही घ्या."

"कमी घेतलं तरी चालतं?"

"चालतं."

"मेमो न्हाई?"

"कसला मेमो?"

व्याह्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. पस्तीस वर्षं नियमाच्या नावानं भांडलेल्या माणसाला अर्धा नियम त्या दिवशी पहिल्यांदा कळला. नांदेडच्या विहीणबाईंना हे मी फोनवर सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "म्हणजे मी जन्मभर दुकानात भाव न करता तोंड मिटून उभी राहिले, ते उगंच?"

सगळ्यांना दंड झाला. माझा सगळ्यात मोठा. तो भरला त्याच संध्याकाळी गाळ्याचे मालक आले आणि या खेपेला चहा मागून घेतला. "मावशी," म्हणाले, "असला सोयरा दुश्मनाला बी मिळू नये. आम्ही तुमच्यावर उगंच शक घेतला. गाळा सोडायचं मनात बी आणू नका." ज्यूसवाल्यानं मोसंबीचा ग्लास पाठवला, त्याचे पैसे घेतले नाहीत. आठवडाभर गल्लीतल्या बायका येऊन मला धीर देत होत्या, जणू माझ्या घरी काही झालं होतं. नातीची परीक्षा त्याच खोलीतून झाली. ती डॉक्टर झाली नाही. शिरूर अनंतपाळला शाळेत शिकवते, आणि बरं शिकवते.

पंधरा दिवसांत गल्लीनं पुन्हा रुपया घ्यायला सुरुवात केली. मी केली नाही. चांगुलपणा नव्हता त्यात काही. पुन्हा तक्रार गेली असती तर पहिलं नाव पुन्हा माझंच असतं, हे मला पक्कं ठाऊक होतं. शनिवारी व्याही परत यायला लागले. काउंटरपाशी उभे राहायचे, पण आता गल्लीत त्यांना कुणी काही म्हणत नसे. ज्यानं विहिणीला सोडलं नाही तो आपल्याला काय सोडणार, असं म्हणून उलट खुर्ची द्यायचे. ते बसायचे नाहीत.

तक्रारीत त्यांनी आधी मलाच धरलं ते मुद्दाम की सवयीनं, हे मी बरीच वर्षं विचारलं नाही. विचारलं ते त्यांच्या शेवटच्या फेरीला. काचबिंदूनं दोन्ही डोळे गेले होते. जावयानं हाताला धरून आणलं आणि स्टुलावर बसवलं, आणि ते बसले. दोन तास बसले, उठले नाहीत. मला ते बघवेना, म्हणून मी उगाच बरण्या इकडच्या तिकडं करत राहिले. मग त्यांच्या हातात बिस्किटाचा पुडा दिला. त्यांनी तो सवयीनं पालथा केला.

"किती छापलंय, विहीणबाई?"

"चारच. होतं तेवढंच."

त्यांनी पुडा तळहातावर धरून हलकेच वर-खाली केला. "न्हाई. हलका झालाय."

मी चष्मा लावून वाचलं. चौथीपर्यंतच शिकले असले तरी एवढं वाचता येतं. खरंच वजन कमी केलं होतं. पण तेही छापलं होतं.

"वजन बी कमी लिहिलंय," मी म्हटलं.

"लिहिलंय ना? मग काय करता?" ते म्हणाले. "छापलंय म्हणल्यावर तक्रार तरी कशाची करायची?" पण पुडा त्यांनी खाली ठेवला नाही. बराच वेळ हातात तोलत राहिले.

तेव्हा मी विचारलं, "ईवाई, त्या कागदावर माझं नाव पहिलं का घातलं होतं?"

आवाजाच्या दिशेनं त्यांनी तोंड वळवलं. मी इतकी वर्षं विचारलं नाही याचंच त्यांना नवल वाटलं असावं.

"पहिलं तिकीट घरच्याचं फाडायचं," म्हणाले. "मग गाडीत कुणी काय बोलत न्हाई."

आता ते नाहीत. परवा ज्यूसवाला म्हणाला, "मावशी, आता कुणाला भ्यायचं? घ्या की रुपया. समदी घेऊन राहिलीत." तेवढ्यात एक पोरगी बाटली मागायला आली. मी बाटली काढली, पालथी केली, छापलेलं वाचलं आणि तेवढेच घेतले. ज्यूसवाला मान हलवत गेला. त्याला काय सांगणार? कागदावर पहिलं नाव घालावं, इतकं मला घरचं मानणारं माणूस एकच होतं.